धान-भरडाई आणि मोटार-दुरुस्ती : कामाआधी काय बोलून घ्यावे

गोंदिया जिल्ह्यातील शेतकऱ्याचे वर्ष धानाभोवती फिरते. मृगाच्या सरी पडल्या की पऱ्हे टाकावयाचे, आषाढ-श्रावणात रोवणी करावयाची, दिवाळीच्या आगेमागे कापणी व मळणी उरकावयाची, आणि ज्यांच्यापाशी विहीर, बोडी अगर कालव्याचे पाणी आहे त्यांनी पौष-माघात उन्हाळी धानासाठी पुन्हा चिखलात उतरावयाचे, असा हा क्रम आहे. या क्रमात शेतकऱ्याला आपली मालमत्ता दुसऱ्याच्या कसबाच्या हवाली करण्याचे प्रसंग वारंवार येतात. त्यांतील दोन प्रसंग प्रत्येक गावात घडतात. घरखाण्याचे धान गिरणीत जाते, आणि पाण्याची मोटार बंद पडली म्हणजे ती मिस्त्रीच्या दुकानात जाते.

दोन्ही ठिकाणी खरे काम मालकाच्या डोळ्यांआड होते. धान यंत्रात पडल्यावर रबरी रुळांमध्ये त्याचे काय होते हे दिसत नाही, आणि मोटारीच्या पोटात कोणती तार भरली हे झाकण बसल्यावर कळत नाही. गिऱ्हाईक वजन पाहते, रंग पाहते आणि पैसे मोजते; परीक्षा करण्याची विद्या मात्र कारागिरापाशी असते. संशयाचे मूळ या विषमतेत आहे. संशय खरा असो वा खोटा, तो एकदा उत्पन्न झाला म्हणजे चांगल्या कारागिराचेही नाव जाते आणि वाईट कारागीर मात्र बिनबोभाट चालतो, कारण लोक म्हणतात, सगळे सारखेच. यावर उपाय एकच आहे, आणि त्यास पैसा लागत नाही. काम हाती घेण्यापूर्वी कारागिराने जे ठाऊक आहे ते सांगावे, आणि गिऱ्हाइकाने जे विचारावयाचे ते तेव्हाच विचारावे.

पूर्वी खेड्यांत या बोलण्याची फारशी गरज पडत नसे. लोहार-सुतारांचा व्यवहार बलुत्याचा होता. वर्षभराच्या कामाबद्दल सुगीच्या वेळी धान्याचा ठरलेला वाटा मिळे. फाळ किती वेळा पाजळला याचा हिशोब कोणी ठेवीत नसे. फाळ पुन्हा पुन्हा बिघडला तर श्रम कारागिराचेच वाढत, म्हणून काम पक्के करण्यात त्याचाही लाभ असे. त्या पद्धतीत जातीचे बंधन होते आणि कारागिराची कुचंबणाही होती. ती मोडली याबद्दल खेद करण्याचे कारण नाही. परंतु तिच्याबरोबर एक गोष्ट गेली, ती लक्षात घेतली पाहिजे. आज प्रत्येक काम सुटे आहे आणि प्रत्येक कामाचा दाम सुटा आहे. मोटार तीनदा जळली तर मिस्त्रीला तीनदा मजुरी मिळते. जी हमी पूर्वी रूढीने मिळत होती, ती आता प्रत्येक वेळी शब्दांनी द्यावी लागते.

गिरणीत धान नेताना

गोंदिया शहरास तांदळाचे शहर म्हणतात ते तेथील भात-गिरण्यांमुळे. मोठ्या गिरण्यांचा व्यवहार व्यापाऱ्यांशी व शासनाशी असतो. आपला विषय मुख्यतः गावोगावच्या लहान गिरण्यांचा आहे, जेथे शेतकरी दोन-चार कट्टे घेऊन जातो आणि आपलाच तांदूळ परत आणतो. तरीही मोठ्या गिरण्यांच्या व्यवहारातून एक धडा घेण्यासारखा आहे. आधारभूत किमतीने खरेदी केलेले धान शासन भरडाईसाठी गिरण्यांना देते, तेव्हा एका क्विंटल धानामागे अरवा तांदूळ असेल तर ६७ किलो व उसना असेल तर ६८ किलो परत करावा, असे प्रमाण आधीच ठरलेले असते. त्यात कणीचे प्रमाण किती चालेल हेही लिहिलेले असते. म्हणजे शासन स्वतः गिऱ्हाईक असताना काय मिळणार हे काम देण्यापूर्वी ठरवून घेते. शेतकऱ्याने दोन कट्ट्यांसाठी करारनामा करावा असे कोणी म्हणणार नाही, पण तोंडी का होईना, हा प्रश्न त्यानेही विचारावयास हरकत नाही.

धानातून काय काय निघते हे प्रथम समजून घ्यावे. दाण्यावरील तूस हे धानाच्या वजनाच्या सुमारे २० ते २२ टक्के असते. तूस काढल्यावर जो तांबूस तांदूळ राहतो त्यावरील पातळ थर घासून काढला की कोंढा मिळतो. तो साधारण ५ ते ८ टक्के भरतो. उरतो तो तांदूळ, आणि त्यातच कणी आली. समजा, शेतकऱ्याने ४ क्विंटल स्वच्छ व वाळलेले धान नेले. शासनाचे प्रमाण लावले तर तांदूळ व कणी मिळून २६८ किलो, तूस ८० ते ८८ किलो आणि कोंढा २० ते ३२ किलो असा हिशोब येतो. यांची बेरीज ३६८ ते ३८८ होते, पूर्ण ४०० होत नाही. उरलेले वजन माती, पोचट दाणे, धूळ आणि ओलावा यांचे असते. गिरणीवाल्याने हा हिशोब एकदा समजावून दिला तर ‘चार क्विंटल नेले आणि पावणेतीन क्विंटलही आले नाही’ ही तक्रार उद्भवत नाही. आणि शेतकऱ्यास हा हिशोब ठाऊक असेल तर २६८ च्या जागी २३० किलो आल्यावर तो कारण विचारू शकतो.

कारण नेहमी लबाडीचेच असते असे नाही. जुन्या हलर यंत्रात तूस सोलणे आणि कोंढा काढणे ही दोन्ही कामे एकाच लोखंडी नळकांड्यात घर्षणाने होतात. दाण्यावर ताण अधिक पडतो, कणी अधिक होते, आणि तूस व कोंढा एकमेकांत मिसळून बाहेर येतात. रबरी रुळांच्या यंत्रात तूस आधी वेगळे होते, त्यामुळे अखंड तांदूळ अधिक मिळतो आणि कोंढाही शुद्ध मिळतो. हा फरक इतका महत्त्वाचा आहे की केंद्र सरकारने १९५८ साली भात-गिरण्यांचे नियमन करणारा अधिनियम केला, आणि पुढील काळात हलरऐवजी सुधारित यंत्रे बसविण्याचा आग्रह त्याच्या आधारे धरला गेला. तो अधिनियम १९९७ साली रद्द झाला; यंत्रांतील फरक मात्र कायम आहे. ज्याच्याकडे हलर आहे त्याने ते लपवू नये. दर कमी असेल, गिरणी घराजवळ असेल, कणी जास्त पडली तरी चालत असेल, तर शेतकरी ते पत्करील. न सांगता पत्करावयास लावणे मात्र योग्य नाही.

कोंढा आणि कणी कोणाची, हा या व्यवहारातील सर्वांत अधिक भांडणे लावणारा प्रश्न आहे. काही ठिकाणी गिरणीवाला रोख दर घेतो आणि सर्व माल परत देतो. काही ठिकाणी रोख दर कमी असतो किंवा मुळीच नसतो, आणि कोंढा अगर कणी मजुरीत वळती होते. दोन्ही पद्धती न्याय्य असू शकतात. कोंढ्याला बाजार आहे. त्यातून तेल निघते आणि गुरांनाही तो चालतो. म्हणून ‘भरडाई फुकट’ अशी पाटी लावणारी गिरणी वास्तविक फुकट काम करीत नाही. पाटीवर ‘भरडाई कोंढ्याच्या बदल्यात’ असे लिहिले तर त्यात गिरणीवाल्याचे काय बिघडते? ज्या घरी दुभती गाय आहे त्याला कोंढा हवा असतो आणि तो रोख दर देण्यास तयार असतो. ज्या घरी गुरे नाहीत त्याला कोंढा सोडणे सोईचे पडते. निवड त्याची आहे. कोंढा परत घेणाऱ्याला आणखी एक गोष्ट सांगावी, ती म्हणजे कोंढा फार दिवस साठवू नये. तांदळावरून सुटताच त्यातील तेल खवट होण्यास आरंभ होतो.

तांदूळ किती पांढरा हवा हेही आधी विचारले पाहिजे. चकचकीत पांढरा तांदूळ म्हणजे चांगली भरडाई, अशी समजूत लोकांत रूढ आहे, आणि ती टिकून राहण्यास काही अंशी गिरण्या जबाबदार आहेत. जितके अधिक घासावे तितके वजन घटते, कणी वाढते आणि कोंढ्याबरोबर जीवनसत्त्वे निघून जातात. घटलेले वजन कोंढ्यात जाते. आणि कोंढा मजुरीत वळता होत असेल तर अधिक घासण्यात गिरणीवाल्याचाच लाभ असतो. म्हणून ज्या गिरणीत कोंढा गिरणीवाल्याकडे राहतो, तेथे ‘किती घासू?’ हा प्रश्न गिरणीवाल्याने स्वतः होऊन विचारणे अधिकच अगत्याचे आहे. पहिले दहा किलो काढून हातावर दाखवावेत आणि मग पुढे चालावे.

ओला दाणा, फुटका दाणा

येथे कारागिराच्या कसबाची आणि त्याच्या सचोटीची कसोटी एकाच वेळी लागते. धान यंत्रात टाकण्यापूर्वीच चांगल्या गिरणीवाल्याला बहुतेक सर्व कळलेले असते. भरडाईस सुमारे १४ टक्के ओलावा योग्य समजला जातो. दाणा दातांखाली धरला असता कट्‌ असा आवाज होऊन तुटला तर तो वाळलेला आहे. दबला किंवा चेपला तर ओला आहे. अशा वेळी गिरणीवाल्याने म्हणावे, ‘भाऊ, धान अजून ओले आहे. आज भरडले तर कणी फार पडेल. सावलीत पातळ पसरून दोन दिवसांनी आणा; आजच हवे असेल तर भरडून देतो, पण मग कणीबद्दल बोलू नका.’ यात त्याचे आजचे गिऱ्हाईक परत जाण्याचा धोका आहे, हे खरे. पण ते गिऱ्हाईक पुढच्या खेपेस दुसऱ्या गिरणीत जाणार नाही.

ओलाव्याचा वजनाशी काय संबंध आहे हेही सांगून टाकावे. १८ टक्के ओलाव्याचे १०० किलो धान १४ टक्क्यांपर्यंत वाळविले तर त्याचे सुमारे ९५ किलो होते. साडेचार किलोंहून अधिक वजन हवेत गेले. ते कोणी चोरले नाही. जो शेतकरी घरी ओले असताना धान मोजतो आणि वाळल्यावर गिरणीत पुन्हा मोजतो, त्याला गिरणीचा काटा खोटा वाटू लागतो. पायलीने मोजणाऱ्यांचा घोटाळा याहून मोठा होतो, कारण पायली हे आकारमानाचे माप आहे आणि बारीक व जाड धान तिच्यात सारख्या वजनाचे बसत नाही. दशमान वजने आपल्याकडे १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. घरातील कोठीशेजारची पायली अजून गेलेली नाही.

कणीचे दुसरे कारण तडकलेला दाणा हे होय. कापणीस उशीर झाला, रात्री दवाने भिजलेले पीक दिवसा उन्हाने तापले, कापून ठेवलेल्या कडपा अवेळी पावसात सापडल्या, किंवा सिमेंटच्या खळ्यावर भर उन्हात धान घाईने वाळविले, तर दाण्यास आतून बारीक चिरा पडतात. वरून तूस साबूत दिसते, म्हणून शेतकऱ्यास कल्पना नसते. असा दाणा उत्तम यंत्रातही तुटणारच. एच.एम.टी.सारख्या बारीक वाणांत, विशेषतः दाणा लांब व सडपातळ असेल तेथे, हे अधिक जाणवते. याची परीक्षा सोपी आहे. शंभर दाणे हाताने सोलावेत, उजेडासमोर धरावेत आणि आडव्या चिरा असलेले किती आहेत ते मोजावे. शंभरांत तीस दाणे तडकलेले निघाले तर कणी भरपूर पडणार, हे दोघांनाही भरडाईपूर्वीच कळले. मग नंतर भांडण कशाचे? असे धान असल्यास गिरणीवाल्याने आणखी एक मार्ग सुचवावा. धान उकडून वाळविले तर चिरा बऱ्याच अंशी सांधल्या जातात आणि कणी कमी होते. ज्यांच्या घरी उसना भात चालतो त्यांना हा मार्ग सोईचा आहे.

एकाच्या धानात दुसऱ्याचे धान मिसळण्याचा प्रश्न लहान दिसतो, पण चिन्नोरसारखे सुवासिक धान नेणाऱ्या घरधनिणीला विचारून पाहावे! यंत्रात आधीच्या गिऱ्हाइकाचा काही माल राहतोच. यंत्र काही वेळ रिकामे फिरवून घेतल्याने तो बराचसा निघून जातो; जे थोडे राहते त्याबद्दल आधी सांगावे. दाटीच्या दिवसांत गिरणीवाला दोघा-तिघांचे जाड धान एकत्र भरडून वजनाप्रमाणे वाटून देतो, ही रीतही काही ठिकाणी आहे. सर्वांची संमती असेल तर त्यात गैर काही नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे अशा मिश्रणात प्रत्येकाचा आपापल्या हिश्शाप्रमाणे हक्क राहतो. संमतीवाचून मिसळले आणि ते वेगळे करता येणार नसेल, तर नुकसान भरून देण्याची जबाबदारी गिरणीवाल्यावर येते.

जळालेली मोटार

धानाला दोन दिवस थांबता येते, पिकाला थांबता येत नाही. उन्हाळी धान फुलोऱ्यावर असताना मोटार बंद पडली तर शेतकरी मिस्त्री म्हणेल ते कबूल करतो. नेमका अशाच वेळी मिस्त्रीने अधिक सांभाळून बोलावे.

पहिली गोष्ट म्हणजे मोटार खरोखरच जळली आहे काय? पुष्कळदा दोष स्टार्टरमध्ये, फ्यूजमध्ये किंवा केबलच्या सांध्यात असतो, आणि मोटार विनाकारण विहिरीबाहेर काढली जाते. मोटार उघडण्यापूर्वी वीजरोधाची तपासणी करून निकाल सांगावा. उघडून पाहण्याची वेगळी मजुरी असेल, आणि दुरुस्ती न करता मोटार परत नेली तरी ती द्यावी लागणार असेल, तर ते उघडण्याच्या आधी सांगावे. तपासणीचे पैसे घेण्यात कमीपणा नाही. ते घेत नाही असे म्हणून पुढे दुरुस्तीत वसूल करणे हे मात्र बरे नव्हे.

मोटार उघडल्यावर जळालेले वेटोळे शेतकऱ्यास दाखवावेत, कारण ते पुष्कळ काही सांगतात. सर्व वेटोळे सारखेच काळे पडले असतील तर मोटारीवर भार अधिक पडला, दाब कमी होता किंवा पंखा अडकला, असा अर्थ बहुधा निघतो. काही वेटोळे कोळशासारखे झाले आणि काही नव्यासारखे राहिले, तर तीनपैकी एक फेज गेली असताना मोटार चालत राहिली असा दाट संभव असतो. अशा ठिकाणी नुसती तार भरून देणे म्हणजे पुढच्या जळण्याची तयारी होय. एक फेज जाताच मोटार बंद करणारे उपकरण स्टार्टरमध्ये आहे काय, असल्यास ते चालू आहे काय, की रात्री वारंवार मोटार थांबते म्हणून शेतकऱ्याने ते काढून ठेवले आहे, हे विचारावे. शेतकऱ्यानेही येथे खरे सांगावे. उपकरण स्वतः काढून ठेवावयाचे, आणि मोटार महिन्याभरात पुन्हा जळाली म्हणजे मिस्त्रीच्या कामास दोष द्यावयाचा, असेही प्रकार घडतात.

दुसरी गोष्ट तारेची. तांब्याची तार महाग असते आणि जुन्या जळालेल्या तांब्यालाही मोड म्हणून किंमत येते. जुने तांबे कोणाचे? ते शेतकऱ्याचे होय, जोवर वेगळे ठरलेले नाही तोवर. मिस्त्री ते ठेवून घेणार असेल तर त्याची किंमत मजुरीतून वजा झाली पाहिजे, आणि ती किती धरली हे सांगितले पाहिजे. जुनी तार काढल्यावर शेतकऱ्यासमोर तोलावी आणि नवी तारही तोलूनच भरावी. दोन्ही वजने जवळपास यावीत. नवी बरीच कमी भरली तर वेढे कमी पडले किंवा तार बारीक वापरली गेली, अशी शंका घेण्यास जागा आहे. वेढे किती होते आणि तार कोणत्या जाडीची होती हे मिस्त्रीने मोटार उकलतानाच वहीत टिपून ठेवावे, म्हणजे पुढे प्रश्न आल्यास उत्तर देता येते.

काही ठिकाणी तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार भरली जाते. लाखेसारख्या लेपामुळे ती वरून तांब्यासारखीच दिसते. नखाने किंवा चाकूने थोडी खरवडली की आतील पांढरा धातू दिसतो. वजनही तांब्याच्या एक तृतीयांशाहून कमी असते. ॲल्युमिनियम वीज वाहून नेण्यात तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच समर्थ आहे, म्हणून त्याच जागेत त्याच जाडीची तार भरली तर मोटार अधिक तापते. स्वस्त काम हवे म्हणून एखादा शेतकरी समजून-उमजून ती पत्करील. त्याला तो अधिकार आहे. तांब्याचे पैसे घेऊन ॲल्युमिनियम भरणे ही उघड फसवणूक आहे, आणि तिला दुसरे नाव देण्याचे कारण नाही.

खर्चाचा अंदाज देताना एकच आकडा सांगू नये. मजुरी किती, तार किती किलो व कोणत्या दराने, बेअरिंग किंवा बुश बदलावा लागल्यास किती, असे वेगवेगळे सांगावे; आणि एक मर्यादा ठरवावी, जिच्यापलीकडे खर्च जाऊ लागल्यास मिस्त्रीने काम थांबवून विचारावे. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे, तेव्हा ‘विचारावयास कोणी नव्हते’ ही सबब चालत नाही. बदललेले जुने भाग परत द्यावेत. कारागिराच्या शब्दाला पुरावा म्हणून झिजलेल्या बेअरिंगइतका चांगला साक्षीदार नाही.

मुदतीविषयी मिस्त्री मंडळी सर्वांत अधिक ढिली असतात, असे आमचे निरीक्षण आहे. चार मोटारी आधीच पडलेल्या असताना ‘उद्या देतो’ म्हणणे हा स्वभाव झाला आहे. यात दुष्टावा नसतो, नाही म्हणण्याचा संकोच असतो. पण त्या ‘उद्या’वर विसंबून शेतकरी शेजाऱ्याचे पाणी मागावयाचे राहतो, आणि बांध्या भेगाळतात. ‘पाच दिवस लागतील’ असे स्पष्ट सांगितले तर तो भाड्याची मोटार आणील, डिझेल पंप पाहील किंवा दुसऱ्या मिस्त्रीकडे जाईल.

हमी देताना ती कशाची आहे हे सांगावे. वेढ्यांतील दोषामुळे अमुक महिन्यांत मोटार जळल्यास फुकट भरून देऊ. एक फेज जाऊन किंवा पाण्यावाचून चालून जळल्यास देणार नाही. असे दोन वाक्यांत सांगता येते. कोरडी हमी, म्हणजे ‘काही होत नाही, घेऊन जा’ असे म्हणणे, ही हमीच नव्हे.

कापणी-यंत्र, मळणी-यंत्र किंवा ट्रॅक्टर भाड्याने आणताना याच गोष्टी थोडक्यात लागू पडतात. भाडे तासावर की एकरावर, तास कोठून मोजणार, बांधी ओली असून यंत्र रुतल्यास तो वेळ कोणाचा, एवढे ठरले की पुरे.

उधारी, अडवणूक आणि कायदा

खेड्यातील बहुतेक काम उधारीवर चालते. ‘धान विकले की देतो’ हा आपल्याकडील सार्वत्रिक करार आहे. खरेदी केंद्रावर धान गेल्यावर पैसे खात्यावर येण्यास वेळ लागतो, हे मिस्त्री व गिरणीवाले जाणून असतात. पण पैसे कधी देणार हे शेतकऱ्याने काम देतानाच सांगावे. मोटार ट्रॉलीत चढविल्यावर सांगू नये. गिऱ्हाइकाकडून इतक्याच स्पष्टपणाची अपेक्षा कारागिरानेही करावी.

या बाबतीत कायदा काय म्हणतो ते पुष्कळांस ठाऊक नसते. करार अधिनियमाच्या कलम १७० प्रमाणे, ज्या कारागिराने सोपविलेल्या वस्तूवर आपले श्रम किंवा कसब खर्च केले, त्याला त्या कामाची योग्य मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेण्याचा हक्क आहे. म्हणजे दुरुस्त केलेली मोटार पैसे मिळेपर्यंत न देणे ही दांडगाई नव्हे. मात्र हा हक्क त्याच कामाच्या मजुरीपुरता आहे; गेल्या वर्षीच्या दुसऱ्या कामाची बाकी त्यासाठी दाखविता येत नाही. आणि उधारी आधीच कबूल केली असेल तर हा हक्क राहत नाही. अधिनियमातच शिंप्याचे उदाहरण दिले आहे. कोट तयार होताच देण्याचे आणि तीन महिन्यांची उधारी देण्याचे त्याने कबूल केले असेल, तर पैशासाठी कोट अडवून ठेवता येत नाही. शिवाय ताब्यातील वस्तूची, सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी कारागिराने घेतली पाहिजे, असे कलम १५१ सांगते. गिरणीच्या ओसरीवर ठेवलेले धान गिरणीवाल्याच्या हलगर्जीपणामुळे भिजले, तर ‘तुमचा माल, तुमचे नशीब’ असे म्हणून सुटता येत नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अंमलात आला. पैसे देऊन घेतलेल्या सेवेतील न्यूनतेबद्दल जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. केलेल्या कामाची पावती न देणे हीदेखील या अधिनियमात अनुचित व्यापारी प्रथा गणली आहे. शेतकरी ‘ग्राहक’ नव्हे, असा युक्तिवाद बियाणे कंपन्यांनी केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २०१२ साली नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात अमान्य केला. तक्रारीपूर्वी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पण पावती नसेल तर आयोगापुढे काय ठेवावयाचे? साध्या वहीच्या पानावरील चिठ्ठीही उपयोगी पडते. तारीख, मालाचे वजन किंवा मोटारीची ताकद, ठरलेला दर, कोंढा अगर जुने तांबे कोणाचे, परत देण्याचा दिवस आणि दोघांच्या सह्या, इतके तीत असावे. लिहिता येत नसेल त्याच्यासाठी चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवावी.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्यांनी या विषयात पंच होण्याचा मोह टाळावा. भांडण झाल्यानंतर कोण खरे हे ठरविणे कठीण असते आणि दोहोंपैकी एकाचा रोष पदरी येतो. त्यापेक्षा गावातील गिरणीवाल्यास दराची पाटी लावण्यास सांगावे, आणि पाटीवर रोख दर, कोंढ्याच्या बदल्यातील दर, व कणी कोणाची, या तिन्ही गोष्टी लिहवून घ्याव्यात. गिरणीतील इलेक्ट्रॉनिक काट्याची दरवर्षी वैधमापनशास्त्र यंत्रणेकडून पडताळणी होऊन शिक्का बसला पाहिजे. शिक्क्यावरील वर्ष पाहण्याची सवय शेतकऱ्यांना लावावी. रिकाम्या पोत्याचे वजन वजा होते की नाही हेही पाहावे.

शंभर दाणे सोलून चिरा मोजण्याचे प्रात्यक्षिक महिला बचत गटाच्या बैठकीत घेतल्यास विशेष उपयोग होतो, कारण पुष्कळ घरी धान भरडून आणण्याचे काम स्त्रियांकडेच असते आणि कणीचा बोलही त्यांनाच ऐकावा लागतो. तांब्याची व ॲल्युमिनियमची तार शेजारी ठेवून खरवडून दाखविण्यास पाच मिनिटे पुरतात. त्यासाठी गावातील मिस्त्रीलाच बोलवावे, म्हणजे त्यालाही मान मिळतो. मोटारीविषयीची बैठक उन्हाळी धानाच्या रोवणीपूर्वी, पौषाच्या आरंभी घ्यावी. भरडाईची बैठक कापणी सुरू होण्याच्या आधी, नवरात्राच्या सुमारास ठेवावी. एकदा कडपा पडल्या आणि पुंजणी रचली जाऊ लागली म्हणजे कोणी बसावयास येत नाही.